जगदाळेकाकांचं भररस्त्यातलं हृदय

जगदाळेकाकांबरोबर छत्रीबागेतून बाजारात जायचं म्हणजे दर वीस पावलांना मानवी हृदयात शिरावं लागे. चालता चालता ते एकदम थांबत, खिशातून खडू काढत आणि समोर ज्याची कुणाची भिंत असेल तिच्यावर हृदय काढत. मालक भांडायला बाहेर आला तर त्यालाही शिकवत.

काका मेडिकल कॉलेजातल्या मुलांसाठी शरीराचे तक्ते रंगवायचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे. काकांकडे फौजेतली मिशी तेवढी उरली होती, चाल मात्र वरातीची.

"अरे भिया, रुक ना जरा! पहिले समजून तर घे," हे त्यांचं पालुपद. "ही आपली मूठ. बस, एवढंच हार्ट. दिल-विल काही नाही, पंप आहे पंप! वर दोन खोल्या, खाली दोन. उजवीकडून रक्त फुप्फुसात, तिथून साफ होऊन डावीकडे, मग पूर्ण शरीरात. बरोबर आहे की नाही?"

बरोबर आहे म्हटलं तरी सुटका नसे. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या खोलीमधल्या झडपेपाशी गाडी हमखास अडायची. ही झडप त्यांनी एका तक्त्यात पुस्तकातल्यापेक्षा जास्तच उघडी रंगवली होती, म्हणून प्रोफेसरांची बोलणीही खाल्ली. "साहेब, उघडीच बरी दिसते," असं त्यांना सांगून आले. आम्ही पोट धरून हसलो होतो.

व्याख्यान चालू असताना बरोबर निघालेल्या ताराकाकू जवळच्या ओट्यावर टेकून बसत. "यांना बोलल्याशिवाय राहवत नाही ना, मग काय करणार! बसते मी," म्हणत. त्या माउलीच्या सहनशक्तीचं मला फार कौतुक वाटे.

"काका, चालत चालत सांगा ना," असं मी कितीदा तरी म्हटलं असेल.

"छे! हृदयसुद्धा दोन ठोक्यांच्या मधे दम खातं, म्हणून तर जिंदगीभर चालतं. तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास?"

एकदा मी नोकरीच्या मुलाखतीला निघालो होतो. पुलाजवळ दोघं भेटले आणि काकांनी खडू काढला. मी तडकलोच. "काका, मला पाठ आहे सगळं! तुम्हाला रोज एक बकरा लागतो, बस!" असं म्हणून तरातरा निघालो.

रस्ता ओलांडल्यावर सहज मागे पाहिलं. ऐकायला कुणीच नव्हतं, तरी काका भिंतीशी हातवारे करत बोलत होते. काकू ओट्याची कड घट्ट धरून बसल्या होत्या. ओठ निळसर पडलेले, खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते. काकांचं सगळं लक्ष तिकडे. काकूंचा श्वास जागेवर आला तसं व्याख्यान आटोपलं आणि खडू खिशात गेला.

माझी मलाच लाज वाटली. संध्याकाळी काकांना गाठून माफी मागितली.

"लहानपणी सांधेताप झाला होता तिला," काका हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून ती झडप आखडली. पण बाई मानी आहे रे. हिला दम लागला म्हणून थांबले, असं कुणी म्हटलेलं खपत नाही तिला. म्हणून मी थांबतो. लोक म्हणतात, बुढ्ढा दिमाग खातो. म्हणू दे."

तेव्हापासून रस्त्यात दिसले की मीच त्यांना अडवू लागलो. "काका, ती झडप परत एकदा सांगा ना!"

पुढच्या वर्षी मुंबईला काकूंचं ऑपरेशन झालं. सर्जननं त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हृदयात बोट घालून झडप मोकळी केली.

संक्रांतीला दारावर थाप पडली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. इतक्या वर्षांत काकू कधी वर आल्या नव्हत्या, आईच खाली जाऊन त्यांना वाण देऊन यायची. दार उघडलं तर हातात तिळगुळाचा डबा घेऊन काकू उभ्या. "वहिनी, आले हो!"

काका कुठे राहिले म्हणून मी जिन्यात डोकावलो. ते मधल्या पायरीवर बसून बाहीने डोळे पुसत होते.

"काय झालं, काका?"

"एकदाही थांबली नाही रे," ते म्हणाले. "मलाच दम लागला."