साहेब, दगडावरून उतरा

खिडकीला टेकू द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढं जे झालं त्याला वारा जबाबदार आहे, मी नाही.

मी घरी शिवणकाम करते. त्या संध्याकाळी टेबलावर मापाचे कागद मांडले होते आणि खिडकी धाडधाड आपटत होती. एक बाहीचा कागद तर उडून थेट मोरीत गेला. मी इकडंतिकडं बघितलं. दाराशी आमच्या ह्यांची पिशवी होती, पिशवीत चावी होती. काढली, खिडकीत अडकवली. खिडकी गप्प झाली, मीही गप्प कामाला लागले.

ही चावी कुलपाची नव्हे बरं का. आमचे हे कालव्यावर पाटकरी आहेत. दारं उघडायची, लावायची, पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नऊ नंबरचं दार ह्यांच्याकडं. ते फिरवायला हातभर लांब लोखंडी दांडा लागतो, त्याला चावी म्हणतात. वजन सात किलो. (मी वजन केलेलं नाही. पण पाठीवर नऊ मैल वागवलंय, तेव्हा मी म्हणेन ते वजन.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौकीतून ह्यांचा फोन.

"अगं, चावी दिसत नाही."

"नीट बघा."

"पिशवी उलटी करून बघितली. डबा आहे, छत्री आहे, चावी नाही."

"एवढं लोखंड नाही हे निघताना कळलं नाही तुम्हाला?"

"पिशवी हलकी लागली खरी. मला वाटलं, आज तब्येत बरी आहे. तू तर नाही ना काढलीस?"

"मी? मी कशाला हात लावू तुमच्या लोखंडाला?"

हे बोलताना मी खिडकीकडं बघत होते, आणि चावी माझ्याकडं.

ह्यांचा आवाज बारीक झाला. "आज मोठे साहेब येतायत गं. कालव्याला दीडशे वर्षं झाली म्हणून कार्यक्रम आहे. बरोबर अकराला सगळ्यांसमोर दार उघडायचंय. चावी हरवली असा शेरा पडला तर दार काढून घेतील माझ्याकडनं. ऑफिसात फायली लावत बसावं लागेल."

बावीस वर्षं हा माणूस त्या दाराशी आहे. पाण्याशी बोलतो. नुसत्या आवाजावरून सांगतो, आज वर पाऊस झालाय. त्याला फायलींमध्ये बसवणं म्हणजे बदकाला कपाटात ठेवणं. शिवाय ऑफिस साडेपाचला सुटतं. म्हणजे रोज पावणेसहाला हे माझ्या टेबलापाशी उभे राहून विचारणार, "हे असं तिरकं का कापतेस?" तेही मला झेपणारं नव्हतं.

"मीच काढली" म्हणायला काही जड नव्हतं. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली, 'चुकलं माझं' हे शब्द मी एकदाही उच्चारलेले नाहीत. चुकलेच नाही तर उच्चारू कशाला? आणि सुरुवात करायचीच तर ती फोनवर कोण करतं? मी म्हटलं, "बघते घरात," आणि फोन ठेवला.

आता जायचं कसं? कालव्याच्या काठावर गाडी जात नाही, दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेत. डांबरी रस्ता टेकडीला वळसा घालून जातो आणि त्यावरची बस दुपारची. राहिली आमच्या मुलाची शर्यतीची सायकल. तो कामाला गेला होता. ह्या सायकलीला ना कॅरिअर, ना घंटी, ना स्टँड. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल, आणि सीट अशी की बसायचं की तिच्यावर भाजी चिरायची तेच कळू नये.

सायकल मला येते. नवव्या वर्षी वडिलांच्या उंच सायकलवर ह्याच काठावर शिकले. फक्त (हे तुम्हालाच सांगते) तेव्हा पाय जमिनीला पोचायचे नाहीत. म्हणून मैलाच्या दगडावर चढून सायकलवर बसायचं आणि पुढच्या मैलाच्या दगडावर उतरायचं. कालवा खणला तेव्हापासून दर मैलाला गुडघाभर उंच घडीव दगड आहे, त्यावर आकडा कोरलेला. चौथीनंतर माझी शाळा सुटली, सायकलही सुटली. त्यामुळं जमिनीवरून चढणं आणि जमिनीवर उतरणं हे दोन धडे राहूनच गेले. आमच्या घरामागं दोन नंबरचा दगड. ह्यांच्या दारापाशी नऊ नंबरचा. मग आणखी काय हवं?

तान्हं पोर बांधतात तशी चावी जुन्या चादरीनं पाठीशी बांधली, छातीवर गाठ मारली आणि दगडावरून सुटले.

आणि काय सांगू, झकास चालवली मी. एका बाजूला कालव्याचं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेल्या गवताची शेतं. जुने कमानीचे पूल, दगडाला दगड बसवलेला, सिमेंटचा थेंब नाही. बदकं बाजूला होत होती. एक शेतकरी ट्रॅक्टर धुता धुता थांबला आणि पाइप स्वतःच्याच बुटात सोडून बघत राहिला.

चौथा दगड गेला तोच मागून हाळी आली, "काकू, डावीकडं घ्या!"

"डावीकडं पाणी आहे!"

मान वळवून बघितलं (एवढं मला येतं), तर घट्ट कपडे घातलेले अकरा जण, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. पुढचा आवाज ओळखीचा वाटला. आमचे दातांचे डॉक्टर! "अजिबात दुखणार नाही" म्हणून ह्याच आवाजानं माझी दाढ उपटली होती.

"काकू, गिअर बदला, हलकं जाईल!"

"कुठं असतो तो?"

"ब्रेकच्या मागं!"

"आणि ब्रेक कुठंय?"

अकराच्या अकरा सायकली दहा हात मागं पडल्या.

थोड्या वेळानं मात्र त्या एकेक करून माझ्या पाठीशी येऊन चिकटल्या. वारा समोरून होता. कुणीतरी म्हणालं, "काकूंच्या मागं वारा अजिबात लागत नाही हो!" मला वाटलं, वेगाचं कौतुक चाललंय. ते रुंदीचं होतं हे नंतर कळलं.

"काकू, पुढच्या पुलाशी चहाला थांबू या!" डॉक्टर ओरडले.

"मला थांबता येत नाही!"

"बघा!" डॉक्टर बाकीच्यांना म्हणाले. "ह्याला म्हणतात जिद्द!"

अकराला पाच कमी असताना नऊ नंबरचं दार दिसलं. मांडव, खुर्च्या, तीसेक माणसं. दाराशी आमचे हे, चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा. आणि नऊ नंबरच्या दगडावर, माझ्या दगडावर, फोटोसाठी मोठे साहेब उभे!

पाठीवर गाठोडं बांधलेली मी, मागं रंगीबेरंगी अकरा जण, सगळे एका ओळीत. साहेबांना वाटलं, ही आपल्याला मानवंदना. त्यांनी छाती पुढं काढली आणि हात वर केला.

"साहेब, दगडावरून उतरा!" मी ओरडले.

साहेबांनी हात आणखी उंच केला.

"उतरा म्हणते ना! दगड हवाय मला!"

"कोण आहे ही बाई?" साहेबांनी ह्यांना विचारलं.

"कल्पना नाही, साहेब," आमचे हे म्हणाले. (सव्वीस वर्षांचा संसार!)

मी समोरून सरळ पुढं निघाले. "अहो, चावी माझ्या पाठीवर आहे!" म्हटल्यावर मात्र ह्यांना ओळख पटली. धावत आले, चादरीचं टोक धरलं. सायकल पाण्याकडं झुकली.

"सोडा! नाहीतर दोघं आत!"

"अगं, मग थांब ना!"

"कुठं थांबू? तुमचा साहेब उभाय तिथं!"

ह्यांनी टोक सोडलं. मी दहा नंबरच्या दगडापर्यंत गेले, उतरले, डॉक्टरांनी सायकल फिरवून दिली, पुन्हा चढले आणि परत आले. मैलभर जाणं, मैलभर येणं. तोवर ह्यांनी दगड मोकळा करवून घेतला होता आणि साहेब खुर्च्यांच्या मागं सुरक्षित उभे होते. मी दगडावर पाय ठेवला आणि उभी राहिले. सायकल एकटीच पुढं गेली, तिला कुणीतरी धरलं.

ह्यांनी माझ्या पाठीवरून चावी सोडवली, दाराला लावली, फिरवली. पाणी धो-धो सुटलं. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे साहेबांकडं बघत होते. साहेबांनी तपासणीची वही उघडून पेनाचं टोपण काढलं होतं.

"दार पंधरा मिनिटं उशिरा उघडलं. चावी जागेवर नव्हती. कारण?"

आमच्या ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "घरी राहिली, साहेब. मी विसरलो."

हा माणूस कधी रुमालसुद्धा विसरलेला नाही! सगळं कळलं होतं त्यांना, तरी स्वतःवर घेत होते. आणि पेन कागदाला टेकायला आलं होतं.

"खोटं बोलतायत ते!" मी दगडावरूनच ओरडले. "चावी मी काढली. खिडकी आपटत होती म्हणून टेकू दिला आणि ह्यांना सांगितलं नाही. लिहायचं तर माझं नाव लिहा. चुकलं माझं!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं, "विलंबास पाटकरी जबाबदार नाही." वही मिटायला लागले.

मला वाटलं, आता हे डोळे पुसतील. हे पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, तिचं शेवटचं वाक्य घेतलंत का?"

"कुठलं?"

"'चुकलं माझं.'"

"त्याची काही गरज नाही."

"आहे, साहेब. तारीख घाला, वेळ घाला. पुन्हा योग यायचा नाही. साक्षीला डॉक्टर आहेत."

डॉक्टरांनी हेल्मेट काढून सही केली. मागोमाग बाकीच्या दहांनीही.

दार ह्यांच्याकडंच राहिलं. पंधरा दिवसांनी ऑफिसातून त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल आली. ह्यांनी रीतसर अर्ज करून मागवली होती. फ्रेम करून आणली आणि माझ्या शिलाईच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांसमोर लावायची म्हणाले. मी जन्मात हात लावणार नाही म्हणून सांगितलं. पण हे खिळा इतका वाकडा ठोकत होते, इतका वाकडा, की शेवटी मला राहवेना. हातोडी ओढून घेतली आणि मीच ठोकला. अगदी सरळ लागलीय.