तेलकट मातीतला मका

सुनेने गच्चीवर सहा कुंड्या मांडल्या तेव्हाच सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन कुंड्यांत चांगली माती, तीनमध्ये तेल कालवलेली, आणि सगळ्यांत मका. तेल सासऱ्यांच्या गॅरेजमधलं, इंजिनातून काढलेलं, काळंकुट्ट.

"अगं, मातीत तेल? माती काय तळायची आहे?"

"आई, तेल सांडलेल्या जमिनीत पीक कसं वाढतं ते बघायचंय."

"वाढतंय कसलं! मरणार बिचारं."

"हो, पण कसं मरतं? आधी मूळ की आधी पान? पाणी घातलं तर ते जातं कुठे?"

असा प्रश्न पडला की सुनेला जेवणखाण सुचत नसे. मात्र तिचा प्रबंध कधीचा रखडला होता, आणि ह्या खेपेला काही हाती लागलं नाही तर तिच्या मार्गदर्शक मॅडम तो बंदच करणार होत्या.

चांगल्या मातीतला मका तरारला. तेलातला पिवळा पडला, खुरटला, त्याने मान टाकली. पाणी वरच साचून राहायचं. सून बेहद्द खूश झाली आणि आठवडाभर माहेरी जाऊन आली.

परत येऊन बघते तर तेलाच्या कुंड्यांतला मका हिरवागार! तिने माती हुंगली. वाससुद्धा नाही.

"बाबा, तेल गेलं कुठे?"

"मक्याने पिऊन टाकलं," सासरे म्हणाले. "मी जन्मभर सांगतोय, तेलात ताकद असते. ऐकतंय कोण?"

सुनेने मॅडमना फोन लावला. "कशालाही हात लावू नकोस, मी येतेय," मॅडम म्हणाल्या. सासऱ्यांनी ही बातमी गॅरेजमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली. संध्याकाळी शेजारचे काका डबा घेऊन दारात हजर. गुलाबासाठी थोडं तेल हवं होतं. सासऱ्यांनी ते दिलंच, वर डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. उपाशीपोटी."

सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. त्या गप्प असणं ही घरातली साधी गोष्ट नव्हती, पण आनंदाच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडम आल्या. त्यांनी कुंडीत बोटं खुपसली, माती चुरगाळली. "ही तर छान खत घातलेली माती आहे. ह्यात तेल कुठाय?"

"मीच बदलली हो!" सासूबाईंना रडूच फुटलं. "आजारी जीव डोळ्यांदेखत कसा मरू द्यायचा? ही एवढी नाचायला लागली, मग सांगायचा धीरच होईना."

सुनेचा प्रबंध संपला होता. तिला सासूबाईंचा रागही येईना आणि हसूही येईना.

"आणि तेलाची माती?" मॅडमनी विचारलं.

सासूबाईंनी गच्चीवरून खालच्या परसाकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचा टोमॅटोचा वाफा होता, त्यांनी जिवापाड जपलेला. अर्धा वाफा टवटवीत, अर्धा पिवळा आणि सुकलेला. "मला वाटलं, एवढ्याशा मातीने काय होतंय?"

"अरे देवा, गुलाब!" असं ओरडत सासरे शेजारी धावले.

सून मात्र वाफ्याकडे धावली. दोन मातींच्या सीमेवरचं एक रोप तिने अलगद उकरलं आणि बघतच राहिली. तेलाकडची मुळं काळी, आखूड. बाकीची सगळी चांगल्या मातीकडे पसरलेली.

"मॅडम, बघा ना! ह्याने वाट शोधलीय!"

मॅडम साडीची पर्वा न करता चिखलात बसल्या. "कुंडीत हे कधीच दिसलं नसतं. पण एकदा झालं तर लोक योगायोग म्हणतील. पुन्हा करून दाखवावं लागेल. जागा मिळेल?"

सुनेला विचारायचा धीर होईना. सासूबाईंनी सुकलेल्या टोमॅटोवरून हात फिरवला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घे. सगळा वाफा तुझा. हवं तेवढं तेल ओत."

"आई!" सुनेने त्यांना मिठीच मारली.

"पण टोमॅटो लावायचे नाहीत हं," सासूबाईंनी शेजारच्या कुंपणाकडे बघत आवाज खाली आणला. "मुळे लाव. घरात ते फक्त ह्यांनाच आवडतात."