बोरीखालचं अस्वल

मोबाइल टुणकन वाजला तेव्हा माणिकराव अंगणात बसून, नुकतीच शेतातून वेचून आणलेली बोरं मिठाशी खात होते. थंडीसाठी डोक्यावरून घेतलेली काळ्या घोंगडीची खोळ अजून अंगावरच होती.

एस.टी.च्या कंडक्टरकीत त्यांनी घाटातलं जंगल जन्मभर खिडकीतून पाहिलं. निवृत्त झाल्यावर मात्र ते स्वतःला वन्यजीव छायाचित्रकार म्हणवू लागले. एकच ध्यास होता, अस्वलाचा फोटो. त्यासाठी शेतातल्या बोरीसमोर ट्रॅप कॅमेरा बांधला होता. पुढ्यात काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा आणि नेटवर्कची मर्जी असेल तेव्हा मोबाइलवर पाठवायचा.

फोटोत बोरीखाली एक काळं, केसाळ धूड वाकलेलं होतं.

"अवं सिंधू! अस्वल! मी आत्ताच आलो ना तिथून. माह्या मागंच आलं असन ते!"

सिंधूताईंनी चष्मा लावून फोटो निरखला. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"अस्वलच हाय," त्या म्हणाल्या. "आता तिकडं पाय ठेवू नका."

फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. दुपारी वनरक्षक इंद्रभान आला, शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी 'सावधान! अस्वलाचा वावर' अशी पाटी ठोकून गेला. शाळेत माणिकरावांना शाल-नारळ मिळाला. 'अस्वल समोर आल्यास काय करावे' यावर ते असे बोलले, की जणू जन्मभर अस्वलांनाच तिकिटं फाडून दिली होती.

पुढे फ्रेम करायची म्हणून त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. अस्वलाच्या पायात निळ्या पट्ट्याची चप्पल होती. पट्ट्याला सेफ्टी पिन होती.

माणिकरावांनी हळूच आपल्या पायाकडे पाहिलं. मग दुसऱ्याही पायाकडे पाहिलं, न जाणो.

तसेच उठून त्यांनी इंद्रभानला गाठलं. "इंद्रभान, ते अस्वल मीच होतो बाप्पा."

"हळू बोला काका! रिपोर्ट वर गेला. आता वर गेलेलं अस्वल मी खाली कसं आणू?"

घरी येऊन त्यांनी बायकोसमोर मोबाइल धरला.

"मले तवाच दिसली होती चप्पल," सिंधूताई म्हणाल्या.

"मंग बोलली काऊन नाही?"

"अजी, त्या पाटीपायी तुम्ही घरी राहाले लागले. कामात येऊन राह्यले." त्यांनी तुरीच्या शेंगांची टोपली पुढे सरकवली. "सोला."

माणिकराव सोलू लागले. तेवढ्यात मोबाइल टुणकन वाजला.

बोरीखाली अस्वल होतं. लांब थुतरी, छातीवर पांढरा पट्टा, नखं खुरप्यासारखी. पाठीशी पिल्लूसुद्धा! माणिकरावांच्या जन्माचं सार्थक झालं. त्यांनी फोटो तडक इंद्रभानला पाठवला.

इंद्रभानचा फोन लगेच आला. हसू त्याच्या पोटात मावत नव्हतं.

"काका, पाटी असून पुन्हा गेले? अन् या खेपेले काकूले बी नेलं?"