मरियामाईचं डोहाळजेवण

डिसेंबर तोंडावर आला की आमच्या शेजारच्या सिसिलियाबाई दारावर पाटी लावतात: ‘घरात दिवस भरत आलेली बाई आहे. मोठ्याने बोलू नये.’

घरात बाई एकट्याच. दिवस भरत आलेली ती शोकेसमधली मरियामाई, वीतभर उंचीची, मातीची. सिसिलियाबाई कॅथलिक. हिर्डोशीकडच्या वाड्यावाड्यांवर बाळंतपणं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता रिटायर होऊन भोरला आमच्या आळीत राहतात. नाताळाआधीचे चार रविवार त्यांचा आगमनकाळ, म्हणजे येशूची वाट बघायची. बाकीचे प्रार्थना करत वाट बघतात, आमच्या बाई ड्युटीवर असल्यासारख्या बघतात.

परवा आळीतून वरात चालली होती. बाई डीजेच्या टेम्पोपुढे आडव्या! “बंद करा ते! आत नऊ म्हयन्याची पोर हाय!” नवरदेवानं घोड्यावरूनच हात जोडले आणि त्याची आई वर पेढे देऊन गेली.

बाळ येशूची मूर्ती नाताळापर्यंत कापसात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. एकदा मी हौसेनं बाळ बाहेर काढलं, तर केवढ्यांदा ओरडल्या! “अगं, दिवस भरायच्या आत काढतीस व्हय? ठेव आत!” मग जरा निवळून म्हणाल्या, “नाताळ कुनीबी करतंय. वाट बघाय शिकावं लागतं.”

या दिवसांत त्यांच्या घरी गोडधोड बंद, गाणी बंद. दर रविवारी एक मेणबत्ती पेटते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी.

यंदा समोरच्या पार्वतीकाकूंनी ठरवलं की एवढी अवघडलेली पोर आळीत आहे, तर डोहाळजेवण करायचंच. आम्ही बायका हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी आणि नारळीभात घेऊन दारात उभ्या.

“आमच्यात न्हाई असलं,” बाई उंबऱ्यातच अडल्या. “आगमनकाळात जेवणावळी? परत न्या.”

बाई दुखावल्या तर शेजार कायमचा तुटणार.

काकू मात्र गोड आवाजात म्हणाल्या, “आज तिसरा रविवार. गुलाबी म्हंजी आनंद करायचा, तुमीच सांगितलंत की!”

बाई बाजूला झाल्या.

मग काय विचारता! मरियामाईला बांगडी घातली, ती डोक्यातून थेट पायाशी. वाडी घातली, तर माईच दिसेना. तिच्या वतीनं काकूंनी उखाणाही ठोकला:

“वरंध्याच्या घाटात धुकं दाटलंय फार,
योसेफरावांचं नाव घेते, उघडा गोठ्याचं दार!”

बाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. त्या भरात काकूंनी त्यांचाच हात धरला आणि उरलेल्या बांगड्या चढवायला घेतल्या. बाईंचं हसू थांबलं.

“माजं कुनी केलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. “आश्रमात वाढलेली मी, म्हायेर कुठलं? बाळ पोटातच गेलं. पुन्हा न्हाई ऱ्हायलं. लोकांची काढली, लई काढली. दर येळी पयलं रडनं ऐकलं की वाटायचं, आलं.”

मला तर रडूच फुटलं. काकूंनी बाईंना पाटावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि लेकीला विचारावं तसं विचारलं, “काय खावंसं वाटतंय, बाय?”

सत्तरीच्या सिसिलियाबाई पदर तोंडाशी धरून लाजत म्हणाल्या, “चिंच.”