दिगूभाऊंची घरबसल्या नोकरी

दिगूभाऊंकडे चहाला गेलं, की कप हातात यायच्या आधीच आज आपण काय शिकणार ते कळतं. "या चहाच्या शेवटी," ते पाची बोटं पसरून सांगतात, "तुमाले मोर्शीचं संत्रं नुसतं वासावरून ओळखता येईन." मग संत्र्याची गोष्ट सुरू. आपण इकडं बशीत फुंकर मारतोय अन् तिकडं गोष्ट मोर्शीहून निघून चिखलदऱ्याला पोचते. चहा संपला की परीक्षा. "सांगा मंग, काय शिकले?" मी एकदा वैतागून म्हणालो, "चहात साखर कमी आहे." तर मान हलवून म्हणतात, "निरीक्षन चांगलं हाय, पन विषय सोडून हाय."

पेशाच तसा ना बाप्पा! अकोल्याला एका बियाण्याच्या कंपनीत ते विक्रेत्यांना शिकवायचे. सकाळी अमरावतीहून निघायचे, संध्याकाळी घसा बसवून परत यायचे. मग कंपनीनं शिकवण्याचं खातंच बंद केलं अन् पंचावन्नाव्या वर्षी भाऊ घरी बसले. त्याच वर्षी सुमनवहिनी गेल्या. मुलगा दूर देशात. भाऊ दिसेनासे झाले म्हणा ना. चहा बंद, परीक्षाही बंद.

अन् एक दिवस माझ्या दुकानात येऊन त्यांनी जाहीर केलं, "विनूभाऊ, नोकरी लागली. पुन्याची कंपनी. घरूनच कराची."

काम असं, की मोठ्या दुकानांत लागणाऱ्या नव्या पोरापोरींसाठी मोबाईलवर बघायचे पाठ तयार करायचे. मी म्हटलं, "म्हणजे मास्तरकीच." त्यांना ते लागलं. "मास्तर शिकोते. मी शिकोन्याचा नकाशा काढतो."

आमच्या कॉलनीला नकाशा काही पचला नाही. कुसुमताई, म्हणजे मळ्यातली भाजी अन् फुलं घेऊन रोज गल्लीत हातगाडी लावणारी आमची हक्काची बाई, तिनं तर तोंडावरच विचारलं, "नोकरी लागली म्हनता, मंग दिवसभर घरीच काहून असता? मले खरं सांगा, तब्येत बरी हाय ना?" अन् काळजीनं चार वांगी जास्तीची टाकली.

नोकरी सध्या कच्ची होती. पहिला पाठ पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना पसंत पडला तर पक्की, नाही तर रामराम. पाठाचा विषय 'रागावलेला ग्राहक'. अन् भाऊंचा जुना हट्ट असा, की पाठ आधी जित्या माणसांवर लावून पाहायचा. माणसं कोण? मी अन् कुसुमताई. मी कपड्याचा दुकानदार, ती भाजीवाली. "याच्याहून पक्के लोक कुठं भेटतीन मले?" असं म्हणून त्यांनी आम्हाला रोज दिवेलागणीला बैठकीत बसवायला सुरुवात केली. समोर दह्यात भिजवलेला गिला वडा ठेवायचे, म्हणून जायचो. खोटं कशाला बोलू?

मी रागावलेला ग्राहक. शर्ट आटला म्हणून परत करायला आलेला. कुसुमताई दुकानातली मुलगी. भाऊ हातात पट्टी घेऊन मधोमध उभे. पाठात लिहिलं होतं, की मुलीनं हसतमुख राहून माफी मागावी. मी ओरडलो, "हा काय शर्ट आहे की लंगोट?" कुसुमताईनं कमरेवर हात ठेवले. "घेतानी डोये कुठं गेल्ते तुमचे? ठेवा खाली अन् व्हा पुढं!"

"थांबा, थांबा!" भाऊ ओरडले. "हासा ना वो ताई!"

"याच्याकडं पाहून? कायले हासू?"

असं रोज चालायचं. आवाज चौकापर्यंत जायचा. माझी बायको म्हणायची, पडद्यावरचं काम करता करता हे तिघं एक दिवस पोलीस चौकीत जातील.

एका संध्याकाळी मात्र मी खरोखरच तापून गेलो होतो. दुकानात एका बाईनं सगळी कपाटं उपसायला लावून काहीही न घेता पाठ फिरवली होती. मी आलो तो आदळआपट करतच. कुसुमताईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, खुर्ची पुढं ओढली. "बसा भाऊ. पानी प्या आधी." मी बसलो. पाणी प्यालो. अन् खरं सांगतो, कशावर ओरडायचं होतं तेच आठवेना.

भाऊंनी पट्टी फेकली. "हेच! हेच त पाह्यजे होतं!" सगळा पाठ त्यांनी नव्यानं बांधला. पहिली पायरी, बसवा. दुसरी, पाणी द्या. माफी त्याच्या मागून.

पुण्याच्या मॅडमना पडद्यावर हे दाखवलं तेव्हा मी बाजूलाच बसलो होतो. मॅडम भाऊंच्या मुलाहून लहान. म्हणाल्या, "सर, आपल्या पद्धतीत आधी माफी, मग बिल तपासणी. पाणी कुठेच नाही."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, कबूल करा म्हणून. नोकरी जायची वेळ, अन् हा बह्याड माणूस म्हणतो कसा, "मॅडम, तापलेला मानूस उभ्यानं काही आयकत नाई. आमच्याकडं दारात आलेल्याले आधी पानी देतेत, मंग काम इचारतेत. हे काढाचं असन, त मले बी काढा."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अकोल्याच्या दुकानात लावून बघते. मग कळवते."

पुढचे दिवस भाऊंना गिला वडा गोड लागेना. कुसुमताई मनातून घाबरलेली. "माया एका गिलास पान्यापायी भाऊची नोकरी गेली त?" असं मला रोज विचारायची. मी वर दाखवत नव्हतो, पण दुकानात माझाही हिशेब रोज चुकायचा.

फोन आला तेव्हा आम्ही दोघंही तिथंच होतो. अकोल्याच्या दुकानात पाठ चालला होता. भांडणं कमी झाली होती. पाठ पास, नोकरी पक्की! "अव माय!" म्हणत कुसुमताईनं टाळ्या पिटल्या. मी चक्क भाऊंना मिठी मारली. ते मात्र फोन ठेवून नुसते उभे.

"काय झालं हो? आनंद नाही का झाला?"

"झाला ना." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मॅडम म्हने, पुढचे पाठ तपासाले पुन्यात मानसं हायेत. आता तुमाले तरास नाई द्या लागनार." अन् म्हणाले, "सुमन गेल्यापासून या घरात मोठ्यानं कोनी बोलतच नव्हतं. तुमी दोघं भांडाले लागले अन् मले वाटलं, चला, घरात मानसं हायेत. म्हनून लागन तेवढ्याहून जास्तच तपासला मी तो पाठ. माफ करा बावा."

कुसुमताईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच आवाज चढवला, "माफ काय करा? एकट्यानं गुमान बसून राहिले होते इतके दिवस, अन् आमाले सांगतलं नाई? उद्या माया घरी जेवाले या. विनूभाऊ, तुमी बी या, वैनीले घेऊन."

"उद्या?" भाऊंनी विचारलं. "अन् परवा?"

"परवा माझ्याकडं," मी म्हणालो.