शेवटच्या गाडीचा प्रेक्षक

जालिंदरआण्णांनी आयुष्यभर सिनेमे बघितले, पण एक सोडला तर कुठल्याच सिनेमाचा शेवट बघितला नाही.

कुणाला हे पटत नाही. मला पटतं, कारण मी त्यांच्या शेजारी बसलेली आहे. मागच्या वर्षी आण्णा सांगलीला आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेनं नव्या थिएटरात घेऊन गेले. गार हवा, मागं रेलणाऱ्या खुर्च्या. आण्णांनी बसायच्या आधी खुर्चीच्या कापडावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "पोत बरा हाय. पर मळखाऊ रंग घ्यायला पायजे हुता." सिनेमा मारामारीचा होता. आण्णा अगदी रंगून गेले. मग खलनायकानं नायकाच्या आईला कड्याच्या टोकावर नेऊन उभं केलं, सगळं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि आण्णा उठले. धोतराचा सोगा सावरत, "जरा पाय घ्या दादा, जरा पाय घ्या ताई," करत ओळीतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडून बाहेर निघाले. एक मुलगा वैतागून म्हणाला, "आजोबा, आत्ता?"

"आईला काय हुत न्हाई," आण्णांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "बस निवांत."

सिनेमा सुटल्यावर मी बाहेर आले. आण्णा पोस्टरवरच्या नटाच्या शर्टाचं निरीक्षण करत उभे होते.

"वाचली न्हवं आई?"

"वाचली की," मी म्हणाले.

आई कड्यावरून पडून मेली होती. पण आण्णांना ते सांगून काय करायचं?

आमचं गाव वडूजपासून आत, खटाव तालुक्यात. आण्णांचं घर आमच्या घराला लागून. आण्णा वडूजला एका कापडाच्या दुकानात कामाला होते. आयुष्य कापड फाडण्यात आणि घड्या घालण्यात गेल्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते चिमटीत धरूनच बघायचे. सिनेमासुद्धा.

"जुना सिनेमा म्हंजे मांजरपाट," ते सांगायचे. "दिसायला साधा, पर जितका धुवाल तितका मऊ. त्येच्यानंतरचा रंगीत सिनेमा म्हंजे टेरिकॉट. चुरगळत न्हाई, फाटत न्हाई, पर घाम टिपत न्हाई. आन् आत्ताचा सिनेमा ताणायचं कापड. लहानालाबी बसतंय, थोरालाबी बसतंय. आन् कुणालाच बसत न्हाई."

भुताच्या सिनेमाची त्यांना भीती वाटत नसे, आश्चर्य वाटे. "पडक्या विहिरीत ऱ्हातीया, आन् पातळ बघा! नीळ घालून वाळवल्यागत. धुतं कोण?" लढाईच्या सिनेमात ते जवानाच्या वर्दीची इस्त्री बघायचे. देवाच्या सिनेमाला चपला काढून बसायचे, पण देवाच्या अंगावर पॉलिस्टर दिसलं की हळहळायचे. गावाकडच्या सिनेमावर तर त्यांचा रागच होता. "गडी म्हनं उपाशी हाय. आन् धोतराची घडीसुदिक मोडल्याली न्हाई! तोंड खोटं बोलंल पोरी, कापड बोलत न्हाई."

मी साताऱ्याला कॉलेजला निघाले, तेव्हा आमच्या घरात आठवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. माझ्या आईला कॉलेज म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. आण्णांना होतं, कारण त्यांनी ते सिनेमात बघितलं होतं. ड्रेसची दोन कापडं घेऊन ते आमच्या सोप्यात आले. आधी आईला पटवलं की कॉलेजातली सगळी पोरं बागेत गाणी म्हणत हिंडत नाहीत, काही अभ्यासपण करतात. मग मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "तिथं एखादा धक्का मारून पुस्तकं पाडंल. आपली आपण उचलायची. त्येला उचलू द्यायची न्हाईत. त्या दोन पुस्तकांपायी फुडं तीन तास जात्यात."

मी पदवी घेतली, नोकरीला लागले, त्यात आईबापाच्या घामाखालोखाल त्या दोन कापडांचा वाटा आहे असं मला अजून वाटतं. धक्का मात्र कुणी मारला नाही.

आण्णा शेवट बघत नाहीत, हे मला कॉलेजच्या वसतिगृहात कळलं, आणि कळलं ते चारचौघींत फजिती होऊन. एका रविवारी टीव्हीवर जुना काळापांढरा सिनेमा लागला होता. रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी आणि एक घड्याळं दुरुस्त करणारा तरुण यांची गोष्ट. ती मला लहानपणापासून पाठ होती, कारण आण्णांच्या घरी जेवताना मी ती कितीतरी वेळा ऐकली होती. तो तरुण गाडीत बसून निघाला तशा सगळ्या मुली मुसमुसायला लागल्या. मी म्हणाले, "अगं रडताय काय? आता तो साखळी ओढून उतरतोय. पिशवीतनं तिच्यासाठी आणलेलं लुगडं काढतोय. मग दोघं फाटकाशेजारी चहाची टपरी टाकतात."

तो उतरला नाही. गाडी गेली. ती मुलगी हिरवं निशाण धरून उभी राहिली, ऋतू बदलले, केस पांढरे झाले, आणि एक दिवस निशाण नुसतंच फाटकाला अडकवलेलं दिसलं. सिनेमा संपला. मला वर्षभर त्या मुली 'टपरी' म्हणून हाक मारत होत्या.

सुट्टीत गावी आल्यावर मी तडक आण्णांना जाब विचारला. आण्णा आधी इकडं तिकडं बघून घेऊन मग हसले.

"आगं, दुकान सुटल्यावर म्या संध्याकाळच्या खेळाला जायाचो. आन् आपल्या गावची शेवटची गाडी खेळ सुटायच्या आदीच हालायची. मारामारी सुरू झाली, नायतर नटी लयच रडाय लागली, की वळखायचं, गाडी लागली. उठायचं आन् पळायचं."

"मग शेवट?"

"गाडीत बसल्यावर डोस्क्यात यायचा." आणि मग त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "इंटरवलपातुर सिनेमा त्येंचा, फुडं आपला."

"एखाद्या दिवशी वडूजला मुक्काम करायचा होता की. दुकानातली बाकीची माणसं माळ्यावर झोपायची ना?"

"झोपायची. सकाळच्या गाडीनं यायची." आण्णांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. "आन् हिकडं सिनेमा सांगायचा कुणी?"

आत त्यांची बायको, आमच्या हौसाकाकी, भाकरी थापत होत्या.

हौसाकाकी कधी टॉकीजची पायरी चढल्या नाहीत. खेळाची वेळ आणि म्हशींच्या धारांची वेळ एकच. त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं असं, की पडद्यावरच्या बायका बघून आलेल्या बाईला म्हशी दूध देत नाहीत. म्हणून सिनेमा घरी यायचा, शेवटच्या गाडीनं. आण्णा जेवता जेवता सांगायचे. बरोबर मध्यावर थांबून तांब्याभर पाणी मागायचे, तो इंटरवल. आणि प्रत्येक सिनेमाच्या शेवटी कुणीतरी परत यायचं आणि बायकोसाठी लुगडं घेऊन यायचं. डाकूच्या सिनेमातसुद्धा. काकी सगळं मुकाट्यानं ऐकायच्या, फक्त तिथं विचारायच्या, "कुठल्या रंगाचं?"

"मोरपंखी."

"आण्णा, पण सिनेमा काळापांढरा होता ना?" मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"सुताच्या पडण्यावरनं कळतंय," आण्णा म्हणाले होते, आणि काकींनी माझ्याकडं रागानं बघितलं होतं.

पुढं काकींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेले. घरात टीव्ही आला तोवर काकींना त्यातलं नुसता उजेडाचा हलता चौकोन दिसायचा. मुलगा-सून बाहेरगावी, दवाखान्यात न्यायला कुणी नाही, आणि काकींना डोळ्याला सुरी लावायची भीती. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी हट्टानं दोघांना सांगलीला आणलं. एका डोळ्याचं झालं, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं झालं. माझ्या घरी काकी काळा चष्मा लावून खुर्चीत बसायच्या आणि एकेक वस्तू नव्यानं बघायच्या. पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा त्या बराच वेळ आण्णांकडं बघत राहिल्या.

"आवं, तुमी एवढं म्हातारं कवा झालासा?"

"तुला दिसत न्हवतं तवा," आण्णा म्हणाले.

मग एका दुपारी काकी मला म्हणाल्या, "बाई, तुज्या त्या टीव्हीवर जुनं सिनेमं लागत्यात म्हनं. त्यो फाटकाचा लाव की. एकदा डोळ्यानं बघू दे."

आण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली आला. थोड्या वेळानं ते माझ्यामागं स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"पोरी, त्यो सिनेमा त्या मशीनीत हाय?"

"आहे."

"मग शेवटचा वार-दीड वार कापून टाक."

"तसा कापता येत नाही आण्णा."

"का? कात्री न्हाई त्येला?" मला हसावं की काय ते कळेना. "आगं, एवढी वर्सं म्या हिला सांगतोय, त्यो परत आला, टपरी टाकली, दोन लेकी झाल्या. रंग जायाचा न्हाई म्हनून गिऱ्हाइकाला कापड द्यावं, तसं. आता एका धुन्यात सगळा रंग उतरायचा. मग ह्यो एकच न्हवं, माजं सगळंच सिनेमं तिला खोटं वाटतील. तेवडंच तर दिलं म्या तिला. दुसरं काय दिलं?"

मी त्यांना शब्द दिला, की गाडी सुटायच्या प्रसंगाला मी टीव्ही बंद करीन आणि इंटरनेट गेलं म्हणून सांगीन.

संध्याकाळी सिनेमा लावला. काकींनी पदर नीट केला, जणू कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. पडद्यावर फाटक दिसलं, निशाण दिसलं, आणि काकी स्वतःशीच म्हणाल्या, "हां. अश्शीच." कुठल्या प्रसंगानंतर कुठला येणार हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळत होतं. आण्णा सिनेमा बघतच नव्हते. ते काकींच्या तोंडाकडं बघत होते. मध्यंतर आलं तसं त्यांनी सवयीनं पाणी मागितलं, आणि भांडं तसंच हातात धरून बसले.

गाडीची शिट्टी झाली. तो तरुण डब्यात चढला. मी रिमोटकडं हात नेला, आणि आण्णा उठले.

"जरा दारातनं येतो."

काकींनी पडद्यावरची नजर न काढता त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"बसा."

"आगं, पर..."

"बसा म्हनते न्हवं. आता कुठली गाडी गाठायचीया?" आणि मग माझ्याकडं न बघताच, "आन् बाई, तूबी त्ये ठेव खाली."

आण्णा बसले. गाडी गेली. साखळी कुणी ओढली नाही. ऋतू बदलले, केस पांढरे झाले, निशाण फाटकाला अडकलं. पडद्यावर अंधार झाला, तरी आण्णा तसेच बसून होते. मग उपरण्यानं तोंड पुसत लहान पोरासारखं म्हणाले, "आला न्हाई गं त्यो."

"न्हाईच यीत."

आण्णांनी चमकून बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"माजी थोरली भन वडूजलाच दिली न्हवं का? तिनं तवाच सांगितलं हुतं. ह्योच न्हवं, सगळंच."

"मग कवा बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी सांगायचं बंद केलं असतं." काकींनी त्यांच्या धोतराचा सोगा सोडला. "माळ्यावरची मानसं शेवट बघून सकाळी यायची. तुमी माज्यापायी अर्ध्यातनं उठून यायचा. म्हनलं, डोळं परत आल्यात तर एक तरी शेवट तुमाला शेजारी बसून दावावा."

मी चहाचं निमित्त करून उठणार होते, पण तशीच बसून राहिले. आण्णा हातातल्या भरल्या भांड्याकडं बघत होते.

"बरं," काकी म्हणाल्या, "आता तुमचा सांगा."

"आता कसा सांगू? दोघांनीबी बघितला की."

"इंटरवलपातुर त्येंचा, फुडं आपला. तुमीच म्हंता न्हवं?"

आण्णांनी घसा साफ केला. एकदा अडखळले. मग हळूहळू आवाज जुन्या जागी आला. "गाडी सुटली. फाटक उघडलं. ती निशाण घिऊन हुबी. आन् गाडी वळणावर गेली तवा ह्येच्या मनात आलं, आपुन चाललोय कुठं? वडली साखळी. उतरला. पळत आला, धापा टाकत. म्हनला, गाडी चुकली तर चुकली. आन् पिशवीत हात घातला..."

काकींनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि नवे डोळे मिटून घेतले.

"लुगडं कुठल्या रंगाचं?"

आण्णा थांबले. काकींकडं बघत राहिले.

"आता तू सांग," ते म्हणाले. "आता तुला दिसतंय."

काकींनी डोळे उघडले नाहीत.

"मोरपंखी," त्या म्हणाल्या.