पोर्तुगालातला श्रावण

बाळ कर्णिकांनी माशाचा पहिला तुकडा तोंडाजवळ नेला आणि कुंदाताई किंचाळल्या, "थांबा! श्रावण लागला!"

समुद्रकाठच्या त्या छोट्या खाणावळीतली सगळी माणसं दचकली. खाणावळ घरचीच, आजी रांधायची आणि तिचा मुलगा वाढायचा. कर्णिकांचा समीर पोर्तुगालातच नोकरीला होता. उद्यापासून बाबांचा मासा महिनाभर बंद, म्हणून त्याने अमावस्येचा मुहूर्त साधून टेबल धरलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबांचा जीव एवढ्या एकाच गोष्टीत उरला होता.

"अगं, श्रावण उद्या!"

"बदलापुरात बारा वाजून गेले. हे बघा, बिल्डिंगच्या ग्रुपवर शेजारच्या जिज्ञासाच्या शुभेच्छासुद्धा आल्या!"

"इथं सूर्य मावळला नाहीये अजून!"

"देव आपला बदलापूरचा. तो तिथलंच घड्याळ बघणार."

"आई, जरा ॲडजस्ट कर ना यार..."

"तू गप रे!"

मासा तसाच परत गेला. असं कधीच घडलं नसल्यामुळे आजी घाबरून बाहेर धावली. श्रावण कसा समजावायचा ते समीरला सुचेना. त्याने आईबाबांचं पोट बिघडल्याचं ठोकून दिलं. आजी हळहळली आणि पोटाला हलकं म्हणून दोघांसाठी गाजर-बटाट्याचं सूप घेऊन आली.

कर्णिक रुसून चमच्याशी खेळत बसले. कुंदाताईंनी मात्र दोन वाट्या संपवल्या.

"काय चव आहे! समीर, विचार ना तिला, काय घातलंय. घरी गेल्यावर करीन."

समीरने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोल की!"

"गाजर, बटाटा... आणि माशांची डोकी. उकळून, गाळून."

कुंदाताईंच्या हातून चमचा पडला. त्यांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. मोबाइल त्यांनी हळूच पालथा घातला.

"अहो, सूर्य मावळला का?"

"नाही."

"मग अमावस्याच आहे. तुमचं बरोबर होतं."

लग्नानंतर हे वाक्य कर्णिक पहिल्यांदाच ऐकत होते. ते ताडकन उठले. "समीर, माझा मासा आण!"

समीर आत जाऊन रिकाम्या हाताने परतला. "बाबा, तो मांजराने खाल्ला. आजचा शेवटचा होता."

कर्णिक मटकन खाली बसले. त्यांच्यामागे सूर्य पाण्यात बुडाला. कुंदाताईंनी भक्तिभावाने हात जोडले.

"आता मात्र लागला हं श्रावण," त्या म्हणाल्या.